सॉफ्टवेअर फुकट मिळेल, पण वही कोणाच्या ताब्यात?

ग्वाल्हेर (प्रतिनिधी) : लष्करच्या बाजारात लाल कापडाच्या चोपड्या होत्या, तेव्हा मुनीम नोकरी सोडून गेला तरी चोपडी पेढीवरच राहायची. सिटी सेंटरमधल्या शोरूम, दवाखाने आणि कोचिंग क्लासच्या काउंटरवर आता संगणक आहे, आणि तिथं ही खात्री देता येत नाही. हिशेब ज्या प्रोग्रॅममध्ये लिहिला जातो तो दुसऱ्या कंपनीचा. काही प्रोग्रॅम तर वर्षाच्या वर्गणीवरच चालतात, वर्गणी थांबली की नवी नोंद घेत नाहीत. हिशेब मालकाचा, पण किल्ली दुसऱ्याकडे.

ओपन सोर्सचा मुद्दा या किल्लीचा आहे. बाजारात मात्र त्याची ओळख ‘फुकटचं सॉफ्टवेअर’ एवढीच. ज्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो, तो ओपन सोर्स. या कामाला पैसे घ्यायला बंदी नाही. आणि आपल्या दुकानापुरते बदल करून ते दुकानातच वापरले, तर जीपीएल या प्रसिद्ध लायसन्सखाली ते जगजाहीर करण्याची सक्तीही नाही. हा गैरसमज अनेक व्यापाऱ्यांना उगाच मागे ठेवतो.

किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होतं, हे जुलै २०२५ मध्ये गुजरातेतल्या नायरा एनर्जीने अनुभवलं. युरोपीय संघाने निर्बंध लावल्यावर मायक्रोसॉफ्टने या कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. तेलशुद्धीकरण करणाऱ्या कंपनीकडे वकील असतात. टाइल्सच्या दुकानदाराने कुठं जायचं?

पर्याय आहे, आणि तो मुंबईतच तयार झालेला आहे. ‘फ्रापे’ कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि साठा एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएल लायसन्सखाली मिळतं. जीएसटीच्या कामासाठी ‘इंडिया कंप्लायन्स’ हे ओपन सोर्स अॅप त्याला जोडता येतं. शेअर दलालीतली झिरोधा तर ओपन सोर्सवरच मोठी झाली. अशा प्रकल्पांना वर्षाला १० लाख डॉलर देणारा निधी तिने २०२४ मध्ये जाहीर केला. पण झिरोधाकडे स्वतःचे प्रोग्रॅमर आहेत, हे विसरून उदाहरण देण्यात अर्थ नाही.

सिटी सेंटरमध्ये हिशेबाचं सॉफ्टवेअर मालक निवडतच नाही, त्याचा सीए निवडतो. सीएच्या ऑफिसात टॅली, त्याची मुलं टॅलीवर तयार झालेली, म्हणून दुकानातही टॅली. मार्चअखेर फाइल पेनड्राइव्हवर गेली की काम होतं. मालकाने दुसरं काही बसवलं, तर सीए म्हणणार, “एक्सेल काढून द्या, बाकी आम्ही पाहतो.” मग तोच हिशेब दोनदा लिहायचा. बेळगाव, बिदर, इंदूर कुठंही जा, चित्र फारसं वेगळं नसेल, कारण जीएसटी एक आणि कंपनी कायदाही एकच. ओपन सोर्स अडतं ते इथं, किमतीवर नाही.

दुसरी अडचण त्याहून नाजूक. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत कंपन्यांना ‘ऑडिट ट्रेल’ ठेवणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं. कोणती नोंद कधी बदलली याची खूण राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. एकमालकी दुकानाला किंवा भागीदारी पेढीला हा नियम नाही, प्रायव्हेट लिमिटेडला आहे. आता सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं, तर डेटाबेसचा पासवर्डही मालकाच्याच माणसाकडे. समोरच्या दाराने नोंद बदलली तर खूण राहील, पण मागच्या दाराने थेट डेटाबेसमध्ये हात घातला तर? ऑडिटर हे विचारतो, आणि त्याने विचारलंच पाहिजे. किल्ली आपल्या हाती आली की संशयही आपल्यावरच येतो. तो पासवर्ड कोणाकडे आणि त्याच्या वापराची नोंद कुठं, हे कागदावर ठेवावं लागतं.

शिवाय वही सांभाळायची मुदत छोटी नाही. कंपनीला ८ वर्षं. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने. तेवढा काळ अपडेट, बॅकअप, सर्व्हर कोणीतरी बघायला हवा. फुकट सॉफ्टवेअरचा खर्च तो हाच, माणसाचा.

तिसरा मार्ग सगळ्यांना ठाऊक आहे, उघडपणे कोणी बोलत नाही : क्रॅक केलेली कॉपी. जाणूनबुजून अशी कॉपी वापरली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. पत्र लिहायला आणि कोटेशन काढायला लिबरऑफिस चालतं, तिथं तरी क्रॅकची गरज काय, हे कळत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जी जुनी मशीन विंडोज ११ घेत नाहीत, त्यातली बरीच लिनक्सवर अजून काही वर्षं काढतील. हिशेबाच्या मशीनवर मात्र हा प्रयोग आधी करू नये.

मराठी, हिंदीत बिल किंवा पत्रिका छापणाऱ्यांची अडचण निराळी. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की अगम्य अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये टाइप केलं तर तसं होत नाही. मुक्तासारखे ओपन सोर्स देवनागरी फॉन्ट धंद्यातही विनामूल्य वापरता येतात. सुरुवात करायला हे सर्वांत सोपं ठिकाण.

हिशेबाकडे शेवटी यावं, तेही सीएला सोबत घेऊन आणि एक तिमाही दोन्हीकडे लिहून. आज वापरात असलेलं सॉफ्टवेअर पूर्ण डेटा एक्सेलमध्ये काढू देतं का, हे मात्र आत्ताच तपासता येईल. त्याला ओपन सोर्स लागत नाही.

ग्वाल्हेरात १९९७ पासून अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची माहिती तंत्रज्ञान संस्था आहे. तिथली मुलं शिकून बंगळूर, पुण्याकडे जातात. सिटी सेंटरमधल्या दहा दुकानांचे सर्व्हर मिळून बघणारा आणि महिन्याला ठरलेले पैसे घेणारा एखादा माणूस इथं उभा राहिला, तर हे गणित जमेल. तोवर मार्चअखेरचा पेनड्राइव्ह सीएकडे जातच राहील.