अंगणाचा समास

मराठींत ‘समास’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. व्याकरणांत समास म्हणजे दोन पदें एकत्र आणून मधल्या प्रत्ययांचा लोप करणें. वहींत समास म्हणजे लेखनाच्या कडेला मुद्दाम कोरी ठेवलेली जागा. पहिला समास अंतर मिटवितो, दुसरा तें राखतो. नगररचना खात्याच्या कागदांत ‘सामासिक अंतर’ असा जो शब्द येतो, तो या दुसऱ्या समासावरून आलेला आहे. घराची भिंत आणि जमिनीची हद्द यांच्यामध्यें चारही अंगांस जी मोकळी जागा सोडावी लागते, तिचें हें नांव. शहरांतील बिऱ्हाडकरूस या शब्दाशीं फारसें कर्तव्य नसतें. परंतु पेन्शनींत निघाल्यावर कोंकणांतील आपल्या गांवीं घर बांधूं इच्छिणारीं कुटुंबें आज पुष्कळ आहेत, आणि त्यांची पहिली गांठ याच शब्दाशीं पडते.

समजा, गणपतीपुळ्याच्या एका कुटुंबाचा आगर वांटण्या होतां होतां तीन भावांत विभागला गेला. धाकट्याच्या वांट्यास एक चिंचोळी पट्टी आली. एका अंगास पाखाडी, दुसऱ्या अंगास शेजाऱ्याचा गडगा, मागें विहीर. सारें आयुष्य मुंबईस काढलेला हा गृहस्थ वृद्ध मातेसाठीं चार खोल्यांचें घर बांधूं म्हणतो. नकाशा काढून पाहतो तों दोन्ही बाजूंस नियमाप्रमाणें अंतर सोडल्यास मध्यें माजघरापुरतीही रुंदी उरत नाहीं. कोणी सांगतो, ‘तुम्ही बांधा, मागाहून पाहतां येईल.’ दुसरा सांगतो, ‘जागा विकून मोकळे व्हा.’ पहिला सल्ला अधर्माचा व दुसरा निराशेचा. या दोहोंच्या मध्यें तिसरा मार्ग आहे, तो रीतसर सवलत मागण्याचा. परंतु सवलत मागण्यापूर्वीं मूळ नियम कशासाठीं आहे, हें समजून घेतलें पाहिजे.

रत्नागिरीकडे वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. वळचणीच्या पागोळ्या आपल्या अंगणांत पडाव्या, शेजाऱ्याच्या भिंतीवर पडूं नयेत, एवढ्यासाठीं तरी दोन घरांत अंतर हवेंच. आग लागल्यास ती शेजारीं पोंचूं नये, उजेड व वारा सर्वांस मिळावा, हीं आणखी कारणें. उजेड व वारा यांवांचून वस्तीचें काय होतें, हें मुंबईनें १८९६ च्या प्लेगांत पाहिलें, आणि त्यांतूनच १८९८ सालीं तेथें सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. पुढें १९१५ सालीं मुंबई इलाख्याचा नगररचनेचा कायदा झाला. १९६६ सालीं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. आणि डिसेंबर २०२० मध्यें मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनें मुंबई व कांहीं अपवाद वगळून राज्यांतील बहुतेक भागांस एकच नियम लागू केले.

हें सर्व परदेशांतून आलेलें खूळ आहे, अशी कित्येकांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणाचा आठवा अध्याय गृहवास्तूवर आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून तो सर्वांस उपलब्ध आहे. नवें बांधकाम दुसऱ्याच्या भिंतीपासून दोन अरत्नि, म्हणजे दोन हात, किंवा तीन पाउलें दूर असावें, असें तेथें सांगितलें आहे. दोन घरांच्या वळचणींत चार अंगुळें अंतर असावें किंवा एकीवर दुसरी चढवावी, इतका बारकावाही त्यांत आहे. सांडपाण्याच्या खड्ड्याची व मोरीची जागा ठरवून दिलेली आहे. मात्र घरांत बाळंतीण असल्यास तिच्यासाठीं खणलेल्या खड्ड्यास दहा दिवसांपुरती मोकळीक ठेविली आहे. आणि शेवटीं, घरमालकांनीं आपसांत संमतीनें हवें तसें बांधावें, परंतु एकमेकांस अपाय होऊं देऊं नये, अशीही परवानगी आहे. नियम, गरजेपुरता अपवाद आणि शेजाऱ्याची संमति हीं तिन्ही तत्त्वें एकाच अध्यायांत आलीं आहेत.

पाश्चात्त्यांनींही फिरून याच ठिकाणीं मुक्काम केला. न्यूयॉर्क शहरानें १९१६ सालीं उंच इमारतींनीं जसजसें वर चढावें तसतसें मागें सरावें, म्हणजे रस्त्यावर प्रकाश पडेल, असा नियम केला. आणि त्याबरोबरच गाऱ्हाणीं ऐकण्यासाठीं एक मंडळही नेमलें. कारण जमिनीचे सर्व तुकडे सारखे नसतात. एकाच मापाचा अंगरखा सर्वांस बसत नाहीं. मात्र तेथील विचारवंतांनीं सवलतीस एक अट घातली, ती ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अडचण जमिनीच्या आकारामुळें किंवा स्थितीमुळें आलेली असावी. मालकाच्या हौसेमुळें किंवा स्वतःच्या करणीमुळें आलेली नसावी.

आपल्या नियमावलींतही अशीच तरतूद आहे. उघड अडचण सिद्ध होत असेल, तर अधिकारी लेखी कारणें नमूद करून अंतराच्या मापांत सूट देऊं शकतो; परंतु त्या सुटीमुळें आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीचें स्थैर्य आणि घरांतील व शेजारच्या लोकांची सुरक्षितता यांस बाध येतां कामा नये. एकूण बांधकामाचें क्षेत्र वाढवून घेण्याची ही वाट नव्हे. ‘लेखी कारणें’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. कारण लिहावें लागलें म्हणजे तीच सवलत उद्यां दुसऱ्यास नाकारतां येत नाहीं. आणि कृपेचा व्यवहार न्यायाच्या कक्षेंत येतो.

येथपर्यंत शेजाऱ्याचा प्रश्न झाला. गणपतीपुळ्यास आणखी एक शेजारी आहे, आणि त्याची संमति कोणासही मिळवितां येत नाहीं. तो म्हणजे समुद्र. केंद्र सरकारनें १९ फेब्रुवारी १९९१ रोजीं किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखालीं आला, आणि खेड्यांच्या किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नवें बांधकाम निषिद्ध झालें. जुन्या अधिकृत घराची डागडुजी पूर्वींच्याच जोत्याच्या मर्यादेंत करण्यास मात्र मुभा राहिली. २०११ च्या अधिसूचनेनें मच्छीमार व परंपरेनें किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांच्या घरांसाठीं १०० ते २०० मीटरांत कांहीं वाट ठेविली. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनें ग्रामीण किनाऱ्याचे दोन वर्ग केले. २०११ च्या जनगणनेप्रमाणें दर चौरस किलोमीटरास २१६१ हून अधिक वस्ती असेल तेथें, मंजूर आराखड्याच्या आधारें, निषिद्ध पट्टा ५० मीटरांचा. इतरत्र तो २०० मीटरांचाच.

या अंतरांत तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास सूट देतां येत नाहीं. किंबहुना १९९४ सालीं केंद्र सरकारनें स्वतःकडेच अशी सूट देण्याची सत्ता घेतली होती. सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल १९९६ मध्यें ती रद्द केली. कारण ती कोणास द्यावी व कोणास देऊं नये, याचें कसलेंच बंधन तींत नव्हतें. केरळांत कोचीजवळ मरडू येथें किनाऱ्याचा नियम मोडून उठविलेलीं चार गृहसंकुलें त्याच न्यायालयाच्या आज्ञेनें ११ व १२ जानेवारी २०२० रोजीं सुरुंगांनीं पाडलीं गेलीं. बांधणाऱ्यांचे पैसे पूर्वींच वसूल झाले होते. घर गेलें तें विकत घेणाऱ्यांचें. ‘मागाहून पाहूं’ या सल्ल्याची किंमत किती व ती कोण देतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण नको.

तेव्हां आपल्या कल्पित गृहस्थानें काय करावें? प्रथम भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी. गडग्याच्या भरंवशावर हद्द ठरवूं नये. जागा गांवठाणांत आहे कीं बाहेर, आणि भरतीच्या रेषेपासून किती दूर, हें मंजूर नकाशावर पाहावें. ती निषिद्ध पट्ट्यांत पडत असेल, तर अर्जाचा कागद वांया घालवूं नये. दुसरी जागा शोधावी, किंवा जुनें अधिकृत घर असल्यास भावांशीं बोलून तेंच दुरुस्त करावें. जागा त्या पट्ट्याबाहेर असेल, तर घराचा आकार आधीं बदलून पाहावा. रुंदी नसेल तेथें लांबी वा माडी उपयोगी पडते. तरीही हातभर जागा कमी पडत असेल, तर तेवढीच मागावी, अधिक नव्हे. विहिरीकडील अंतर सोडावें, पागोळ्यांचें पाणी पन्हळीनें आपल्याच परसांत उतरवावें, आणि हें सारें नकाशावर दाखवावें. अर्ज कचेरींत देण्यापूर्वीं तो शेजाऱ्याच्या ओटीवर बसून त्यास वाचून दाखवावा. कायद्यांत याची सक्ती असो वा नसो, पुढील पन्नास वर्षें राहावयाचें आहे तें त्याच्याच शेजारीं. आणि लेखी परवानगी हातीं येईपर्यंत एक चिराही बसवूं नये.

गणपतीपुळ्याचा देव स्वयंभू, आणि त्याची प्रदक्षिणा करावयाची ती साऱ्या डोंगराची. ज्या गांवीं देवाभोंवतीं वाट मोकळी ठेवण्याची रीत इतकी जुनी आहे, तेथें माणसाच्या घराभोंवतींच्या दोन हातांचें महत्त्व फोड करून सांगण्याचें कारण नाहीं. ते दोन हात आपल्या नांवावर असले तरी ते शेजाऱ्याच्या उजेडासाठीं, पावसाच्या पाण्यासाठीं आणि प्रसंगीं विस्तव घेऊन पळणाऱ्या वाऱ्यासाठीं ठेवलेले असतात. त्यांतून कांहीं मागून घ्यावयाचें झाल्यास तें उघडपणें, कारण सांगून आणि गरजेपुरतेंच मागावें. असें बांधलेलें घर लहान असलें तरी त्यांत राहणाऱ्यास कोणाच्या नोटिशीची धास्ती नसते.