जाहिरातीच्या करारातले लाल कलम

दिवाळी अंकाचा डोलारा वाचकांइतकाच जाहिरातदारांवर उभा असतो, आणि म्हणून जाहिरातीच्या पैशाबरोबर नियतकालिक आणखी काय बांधून घेते, हा प्रश्न संपादकाला टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत ‘पेटंट औषधां’नी तो फार कठोरपणे विचारला. या औषधांपैकी बहुतेकांचे पेटंट कधी घेतलेच गेले नव्हते, कारण त्यासाठी घटक उघड करावे लागले असते. उत्पादक केवळ नाव व चिन्ह यांवर हक्क सांगत आणि औषधाचा पाठ गुप्त ठेवीत. दात येताना रडणाऱ्या तान्ह्यांसाठी आयांनी विश्वासाने आणलेल्या ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’मध्ये मॉर्फिन होते, तर स्त्रियांच्या विकारांवर खपणाऱ्या लिडिया पिंकहॅम यांच्या वनौषधी मिश्रणात सुमारे १८ टक्के मद्यार्क होता. पिंकहॅमबाईंचा वडीलधारा चेहरा छापून, आपले दुखणे बाईंना पत्राने कळवा, असे रुग्ण स्त्रियांना सांगितले जाई. बाई १८८३ सालीच वारल्या होत्या, तरी हे आवाहन थांबले नाही. ‘लेडीज होम जर्नल’ने १८९२ पासून अशा जाहिराती नाकारल्या होत्या, आणि त्याचे संपादक एडवर्ड बोक यांनी १९०५ साली बाईंच्या थडग्याचे छायाचित्रच छापले.

असे धैर्य विरळा होते, आणि त्यामागचे कारण मार्क सलिव्हन यांनी त्याच वर्षी ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकात उघड केले. औषध उत्पादक वृत्तपत्रांशी करीत असलेल्या जाहिरात-करारांत लाल अक्षरांत एक कलम असे: राज्याने या औषधांच्या विक्रीस बाधक कायदा केल्यास करार रद्द होईल. त्यामुळे घटक जाहीर करण्याची सक्ती करणारे विधेयक येताच ते हाणून पाडण्यात वृत्तपत्राचाच स्वार्थ गुंतत असे, आणि ज्या माऊलीला बाटलीत काय आहे हे कळायला हवे होते, तिच्यापर्यंत ती चर्चा पोहोचतच नसे. लेखणी थेट विकत घेण्यापेक्षा हे मौन अधिक घातक होते, कारण ते वाचकाला दिसत नव्हते.

१९०६ च्या संघीय कायद्याने मद्यार्क, अफू, कोकेन अशा द्रव्यांचे प्रमाण वेष्टणावर छापणे बंधनकारक केले, पण वृत्तपत्रांतील जाहिरातींना हात लावला नाही. भारतात मात्र १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ठरावीक रोगांवरील उपचारांच्या जाहिरातींवर बंदी घालताना त्या प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला, अर्थात त्या छापणाऱ्या नियतकालिकालाही, कक्षेत घेतले.