शिष्यवृत्तीचा हप्ता आणि सरकारची सवड

बारावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांतून गुणवंतांची छायाचित्रे झळकतात, पुढाऱ्यांचे सत्कारसमारंभ सुरू होतात, आणि त्याच आठवड्यात तहसील कचेरीच्या आवारात एक निराळीच रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, आणि ज्यांना तो लागतो त्यांना जात पडताळणीचे प्रमाणपत्र. शेतमजुराच्या, ऊसतोड कामगाराच्या, छोट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून प्रथमच महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींची ही रांग आहे. गुणपत्रिकेने त्यांना प्रवेश मिळतो. तेथे टिकून राहता येईल की नाही, हे मात्र शिष्यवृत्ती ठरवते.

महाराष्ट्रात योजनांचा तुटवडा आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. तिच्यामागे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आग्रह होता. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या या माणसाला अशा मदतीचे मोल कोणी समजावून सांगावयास नको होते. आज खुल्या प्रवर्गातील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षणशुल्क योजना आहे; ती निम्मे शुल्क देते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या दलित विद्यार्थ्यांसाठी 'स्वाधार', आदिवासींसाठी 'स्वयम्', अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाहभत्ता आहे. जुलै २०२४ मध्ये शासनाने इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटांतील, आठ लाखांच्या आतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. निवडणुकीच्या तोंडावर का होईना, चांगले काम झाले तर ते चांगलेच. तथापि खोलीभाडे, खाणावळ आणि पुस्तके यांचा त्यात समावेश नाही, आणि खेड्यातल्या बापाला मुलीच्या शिक्षणात भीती वाटते ती याच खर्चाची.

शिष्यवृत्ती कोणास द्यावी, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवर नेमके बोट ठेवले होते. चढाओढीच्या परीक्षेतून शिष्यवृत्ती दिली की ती ज्या वर्गात विद्येची गोडी आधीच रुजली आहे त्याच वर्गाच्या पदरात पडते, आणि जे मागे आहेत ते मागेच राहतात, हा त्यांचा मुद्दा. एवढ्या वर्षांनंतर 'स्वाधार'सारख्या निव्वळ निर्वाहासाठी असलेल्या योजनेतही गुणांच्या किमान टक्केवारीची अट घालणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते निवेदन वाचलेले दिसत नाही. मोलमजुरी करून पास झालेल्या मुलाला काही टक्के कमी पडले, म्हणून त्याची भूक कमी होते काय?

आता रकमा पाहा. 'स्वाधार' आखताना मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये धरले गेले. त्यांपैकी निवासासाठी २०,०००. म्हणजे महिन्याला सतराशेही नाहीत. त्या भाड्यात पुण्यात खोली दाखवून देणाऱ्या सचिवाचा आम्ही जाहीर सत्कार करू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची कथा याहून उदास आहे. घरून ये-जा करणाऱ्या, साध्या पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला २०१० च्या सुधारित दरांनुसार महिना ३०० रुपये, वर्षातून दहा महिने, असा निर्वाहभत्ता होता. २०२१ मध्ये नव्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि तो वर्षाला ३,००० रुपये झाला! दशकभरात डाळ, तेल, एस.टी.चे भाडे, सारे चढत गेले. हा आकडा तेवढा जागचा हलला नाही. दिवसाचा हिशेब केला तर सव्वाआठ रुपये होतात. मंत्र्यांचे व आमदारांचे भत्ते वाढविणारी विधेयके चर्चेविना काही मिनिटांत संमत होताना आपण पाहिली आहेत.

परंतु रकमेपेक्षाही अधिक छळतो तो उशीर. २०१७-१८ पासून राज्यातील बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज 'महाडीबीटी' या एकाच संगणकीय व्यवस्थेतून भरावे लागतात. दलालांना व बोगस नावांना आळा बसेल, पैसा थेट खात्यात जाईल, हा हेतू योग्यच होता. पण व्यवस्था एक झाली तरी कचेऱ्या एक झाल्या नाहीत. अर्ज महाविद्यालयाच्या लेखनिकाकडे अडतो, तेथून सुटला तर समाजकल्याण, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण किंवा तंत्रशिक्षण यांपैकी एखाद्या खात्याच्या टेबलावर अडतो. आधार क्रमांक बँक खात्याला जोडलेला नसेल तर मंजूर झालेली रक्कमही खात्यावर येत नाही. विद्यार्थ्याला कळते एवढेच की अर्ज 'प्रलंबित' आहे.

त्यातच केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा भार ६०:४० असा वाटून घेण्याचे ठरविले. पूर्वीच्या पद्धतीत बहुतेक बोजा राज्यांवर येऊन पडला होता, त्या मानाने ही सुधारणा खरी. मात्र केंद्राचा साठ टक्के वाटा सुटतो तो राज्याने आपला चाळीस टक्के वाटा दिल्यानंतर. राज्याच्या तिजोरीत खडखडाट असला की दोन्ही वाटे लांबतात. महाविद्यालये थांबायला तयार नसतात. शासनाचे आदेश असे आहेत की पात्र मागासवर्गीय विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क मागू नये. प्रत्यक्षात परीक्षेचा अर्ज अडविणे, गुणपत्रिका वा शाळा सोडल्याचा दाखला रोखून धरणे हे प्रकार सर्रास चालतात. मग बाप सावकाराकडे जातो, आई गळ्यातले मोडते. शासनाचा हप्ता वर्षाच्या अखेरीस येतो, सावकाराचे व्याज पहिल्या महिन्यापासून सुरू झालेले असते.

येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले, आणि पुढे शुल्कप्रतिपूर्तीचा मोठा ओघ या संस्थांकडे वळला. विद्यार्थ्याच्या नावाने निघालेला पैसा संस्थाचालकाच्या घरी मुक्कामाला जातो, असे चित्र अनेक ठिकाणी दिसू लागले. या गैरव्यवहारांच्या तपासासाठी राज्य शासनाला २०१६ साली विशेष पथक नेमावे लागले. गैरप्रकार करणाऱ्या संस्थांवर कारवाई व्हावी, वसुलीही व्हावी. परंतु घोटाळा संस्थांचा आणि कागदपत्रांचा जाच विद्यार्थ्यांना, ही उफराटी रीत आम्हाला मान्य नाही. शासकीय महाविद्यालये व वसतिगृहे वाढविली असती, तर प्रतिपूर्तीची ही गंगा एवढी वाहवावी लागली नसती. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा व शिका'च्या बळावर रयतेची मुले शिकविली. दोघांनीही आधी राहण्या-जेवण्याची सोय पाहिली.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. निर्वाहभत्ता महागाई निर्देशांकाला जोडावा. पहिला हप्ता पहिल्या सत्रातच मिळावा, आणि उशीर झाल्यास त्याचे व्याज शासनाने विद्यार्थ्याला द्यावे. निर्वाहाच्या योजनांतून गुणांची अट काढावी. शुल्कासाठी दाखले रोखणाऱ्या संस्थेची मान्यता धोक्यात यावी.

कार्यकर्त्यांनी अधिवेशनाची वाट पाहू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला; अधिसूचित दाखले किती दिवसांत मिळाले पाहिजेत याची मुदत त्याखाली ठरलेली आहे आणि मुदत टळल्यास अपील करता येते. हे किती जणांना ठाऊक आहे? तालुक्याच्या प्रत्येक शाखेने प्रवेशाच्या दिवसांत एक टेबल मांडावे. दाखल्यांच्या पावत्या जपून ठेवायला सांगावे, खाते आधारला जोडले आहे की नाही ते पाहावे, महाविद्यालयाच्या पातळीवर किती अर्ज किती दिवस पडून आहेत याची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली लेखी मागावी. जेथे शुल्कासाठी अडवणूक झाली असेल तेथील तारीख, मागितलेली रक्कम व लेखी पुरावा यांसह यादी करून ती समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात सहायक आयुक्तांपुढे ठेवावी, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.