दगडीचे खापर कोणाच्या माथी?

बिद्रीच्या गोठ्यात दुभत्या म्हशीच्या कासेला दगडी झाली की प्रतिजैविकाची सुई टोचली जाते; जंतू कोणता, त्यास कोणते औषध लागू पडेल, याची तपासणी क्वचितच होते. उपचार चालू असेतो दूध संस्थेत घालता येत नाही. म्हणून गरिबाचा उपचार अर्ध्यावर थांबतो. चिवट जंतू तेवढे उरतात आणि औषधास दाद देईनासे होतात. अपुऱ्या मात्रेचा हा धोका फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात सांगितला होता. तरीही उपदेश उत्पादकालाच! उपदेशाने चूल पेटत नाही. ज्यांच्या दुधावर सहकाराचे इमले उभे राहिले, त्यांच्यासाठी दूध संघांनी जंतुतपासणी फुकट करावी, ओतून द्याव्या लागणाऱ्या दुधाची भरपाई द्यावी. हे औदार्य नव्हे, कष्टकऱ्याचा हक्क आहे.