भुयारातला प्रॉम्प्टर

गोव्यात कुणाला "मी ऑनलाइन गेम खेळतो" असं सांगायची सोय नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच मांडवीतल्या कॅसिनो बोटी उभ्या राहतात. नाहीतर मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणारा आणि घरदार गहाण टाकणारा कुणीतरी ओळखीतला. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा दोघातिघांनी मला "आता तुमचं काय?" असं सहानुभूतीने विचारलंसुद्धा! मी ज्याविषयी लिहितोय त्या खेळात पैज नाही, जुगार नाही. महिन्याची वर्गणी भरायची आणि एका भल्यामोठ्या काल्पनिक जगात सोंग घेऊन हिंडायचं, एवढंच. सोंग हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. दशावतार बघत वाढलेल्या माणसाला 'रोल प्लेइंग' म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

खेळाचं नाव वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. २००४च्या नोव्हेंबरात तो सुरू झाला. २०१९च्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्याचं जुनं, मूळच्या वळणाचं रूप 'क्लासिक' या नावाने पुन्हा खुलं केलं. त्याच सुमारास मी माझ्या एका डिचोलीच्या मित्राला या खेळात आणला. मित्राला नव्या खेळात आणणं हा एक संस्कार आहे आणि तो बहुतेक लोक फार वाईट पद्धतीने उरकतात, असं माझं ठाम मत आहे. आजचा लेख त्या मतासाठी.

मित्राची थोडी पार्श्वभूमी सांगतो. पंचविसेक वर्षं तो एका खाण कंपनीच्या कचेरीत हिशेब बघायचा. २०१८च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या (पहिल्यांदा २०१२ला), तेव्हा त्याची नोकरी गेली. वय असं, की नवीन काही सुरू करायला उशीर आणि स्वस्थ बसायला लवकर. मुलगा मस्कतला. फोन केला की "कितें ना रे, बसलां" एवढंच उत्तर. मी त्याला खेळात ओढला ते त्याचं भलं करावं म्हणून नव्हे. मला सोबत हवी होती. पण बसलेल्या माणसाला उठवायला निमित्त लागतं, हेही खरं.

आता पद्धतीचं. या खेळात पात्राची पातळी एकपासून सुरू होते आणि क्लासिकमध्ये साठपर्यंत जाते. मुरलेला खेळाडू नवख्या मित्राला काय करतो? आपलं साठ पातळीचं पात्र घेऊन येतो, मित्राला मागे उभा करतो, भुयारात शिरतो आणि समोर येईल ते एका फटक्यात आडवं करत सुटतो. मित्र मागून सोनंनाणं गोळा करत चालतो. याला 'बूस्ट' म्हणतात. देणाऱ्याला उदार वाटतं, घेणाऱ्याची पातळीही भराभर वाढते. आणि पंधरा दिवसांत तो खेळ सोडतो! का सोडणार नाही? त्याच्यावाचून तिथे कुणाचंच काही अडत नव्हतं. ज्याला घरी बसून आपली कुठेच गरज नाही असं वाटतंय, त्याला खेळातही तेच दाखवायचं का?

म्हणून मी माझं जुनं पात्र बाजूला ठेवलं आणि त्याच्याबरोबर पुन्हा पहिल्या पातळीपासून सुरुवात केली. चतुर्थी आटोपल्यावर सुरू केलं, ते दिवाळीच्या सुमारास आम्ही आमच्या पहिल्या भुयाराच्या तोंडाशी उभे होतो.

'डंजन' या शब्दाचं मूळ फ्रेंच दोंजों, म्हणजे किल्ल्याचा मुख्य बुरूज. इंग्रजीत तो बुरुजावरून तळघरात उतरला आणि कैदखाना झाला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी कागद-पेन्सिल-फाशांवर खेळायचा डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला तेव्हापासून, राक्षस आणि खजिना असलेलं कुठलंही भुयार म्हणजे डंजन. १९७८ला इंग्लंडात एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी तेच संगणकावर, अनेकांनी एका वेळी खेळण्याजोगं केलं. चित्रं नाहीत, नुसती वाक्यं. आपल्याकडे जुन्या देवळातून नाहीतर गडावरून निघणाऱ्या भुयाराची दंतकथा नसलेला गाव सापडणं कठीण. फरक इतकाच, की आपल्या भुयारात कुणी शिरलेला नसतो. आजोबांच्या आजोबांनी म्हणे एक कुत्रा सोडला होता!

वॉरक्राफ्टच्या भुयारात पाच जण जातात आणि कामं तीन प्रकारची असतात. एक ढालकरी, जो शत्रूंचा मार स्वतःवर घेतो. तिघे मारणारे. आणि एक बरं करणारा, म्हणजे हीलर. यातली गंमत अशी, की शत्रू जवळच्यावर धावून जात नाही, ज्याचा त्याला सर्वात जास्त राग आलाय त्याच्यावर धावतो. प्रत्येक घाव हा राग वाढवतो. आणि जखमा भरणाऱ्याचाही शत्रूला राग येतो, कारण मारलेलं सगळं तो पुसून टाकतो. ढालकऱ्याने शत्रूंना डिवचून आपल्याकडे खेचत राहायचं, म्हणजे मागे बरं करणारा जगतो. तो जगला तर ढालकरी जगतो. एकाचं चुकलं की पाचही जण मेले. पूर्वी 'लीरॉय जेन्किन्स' नावाचा एक व्हिडिओ जगभर गाजला होता, २००५मधला. सगळे गंभीरपणे मोहिमेची आखणी करताहेत, तेवढ्यात जागेवरून उठून गेलेला एक जण परत येतो आणि स्वतःच्याच नावाची आरोळी ठोकत एकटा आत घुसतो. पाठोपाठ सगळे मरतात. तो व्हिडिओ मुद्दाम रचलेला होता, पण हे रागाचं गणित माहीत असलेला माणूस तो बघून आजही हसतो.

मित्राला कुठलं काम द्यावं? नवख्याला मारायचं काम देतात, कारण ते सोपं. मी त्याला बरं करणारा पुरोहित व्हायला सांगितलं. माझ्याकडे कारण होतं. हा गृहस्थ त्याच्या गावच्या जत्रेच्या नाटकात वीसेक वर्षं प्रॉम्प्टर होता. गोव्यातल्या उत्सवी नाटकांत ज्यांनी कधी तोंड रंगवलंय त्यांना प्रॉम्प्टरची किंमत सांगायला नको. तालमींना निम्मे जण गैरहजर, मुख्य नटाला दुसरा अंक पाठ नाही, आणि विंगेत वही घेऊन बसलेला एकच माणूस अख्खा प्रयोग पैलतीराला नेतोय. तो बोलतो ते प्रेक्षकांना ऐकू येता कामा नये. कोण अडखळणार हे त्याला अडखळायच्या आधी कळावं लागतं. प्रयोग रंगला तर टाळ्या नटाला. पडला तर "प्रॉम्प्टर झोपलो रे!"

बरं करणाऱ्याचं काम हुबेहूब हेच. त्याने राक्षसाकडे बघायचंच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात पाच हिरव्या पट्ट्या असतात, प्रत्येकाच्या प्राणाची एकेक, त्यांच्याकडे बघायचं. मित्राने पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हणाला, "ही वही!" पुढे काही शिकवावं लागलं नाही.

आमचं पहिलं भुयार डेडमाइन्स. नावातच खाण! मी मुद्दाम निवडलं नव्हतं. त्या पातळीला, आमच्या बाजूच्या पात्रांना, जवळ पडणारं भुयार तेच. वेस्टफॉल नावाचा ओसाड पडलेला शेतीचा मुलूख, त्यात मूनब्रुक नावाचं उजाड गाव, तिथल्या एका घरातून खाली उतरणारा बोगदा. माझी हैदराबादची भाची जादूगार म्हणून आली, दोघे अनोळखी खेळाडू वाटेत मिळाले. भाचीचा मोठा उपयोग म्हणजे तिला मंत्राने पाणी काढता येतं. बरं करणाऱ्याची शक्ती संपली की त्याला खाली बसून पाणी प्यावं लागतं आणि तोवर बाकीच्यांनी थांबायचं असतं. सुरुवातीला तो संकोचायचा. आपल्यामुळे चौघे खोळंबलेत, हे काही त्याला सहन होईना. तिसऱ्या वेळी हेडफोनमधून आवाज आला, "रावात रे सगळे, हांव उदक पियेतां." त्या आवाजात हुकूम होता. दीड वर्षात त्याच्या तोंडून हुकूम ऐकला नव्हता.

आत काय आहे ते मी त्याला सांगितलं नव्हतं. हा माझा दुसरा हट्ट. मुरलेले लोक नवख्याला पावलोपावली सांगतात, "आता डावीकडून दोन येतील, आता हा असं करील." ते नाटक बघताना शेजारी बसून शेवट सांगण्यापैकी आहे. खाण उतरत जाते, लाकूड कापायचं यंत्र चालवणारा एक बुटका भेटतो, मग लोखंड वितळवण्याची भट्टी, मग एक पोलादी दार. ते तोफेने उडवायचं. आणि दार फुटल्यावर समोर, डोंगराच्या पोटात, पाण्यावर उभं असलेलं एक आख्खं जहाज! मित्र काही क्षण गप्प होता. मग म्हणाला, "बार्ज न्हय, हें व्हडलें." मांडवीतून खनिजाचे बार्ज जाताना त्याने आयुष्यभर पाहिले होते.

जहाजाआधीच एक बैलमुखी पहारेकरी आहे. तो जमिनीवर पाय आपटून सगळ्यांना सुन्न करतो आणि पेटीकडे जाऊन नवं शस्त्र घेऊन येतो. तिथे आम्ही सगळे मेलो. मेल्यावर भूत होऊन स्मशानापासून भुयारापर्यंत परत चालत यायचं असतं. ते पाच-सात मिनिटांचं चालणं मला लढाईपेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण गप्पा तिथे होतात. २००९च्या डिसेंबरात मूळ खेळात एक सोय आली. बटण दाबलं की यंत्र चार अनोळखी जोडीदार शोधून देतं आणि थेट आत नेऊन सोडतं. वेळ वाचला, खरं आहे. पण त्यानंतर पाच माणसं एकमेकांशी अक्षर न बोलता भुयार संपवून पांगू लागली. क्लासिक आला तेव्हा त्यात ती सोय नव्हती, म्हणून मी मित्राला तिथे नेला.

त्या चालण्यात त्याने विचारलं, "हा व्हॅनक्लीफ कोण? आपण त्याला का मारायचा?" कथा अशी. युद्धात बेचिराख झालेलं स्टॉर्मविंड शहर पाथरवटांच्या संघाने पुन्हा उभं केलं. त्यांचा म्होरक्या एडविन व्हॅनक्लीफ. काम पुरं झाल्यावर सरदारांनी मजुरी द्यायचं नाकारलं. दंगल झाली, एका दगडाने राणी मेली. पाथरवट परागंदा होऊन दरोडेखोर झाले, तोंडाला लाल फडकी बांधून या खाणीत लपले, आणि शहरावर सूड उगवायला ते जहाज बांधताहेत. मित्र थांबला. भूतच, पण थांबलं. "अरे, ह्यांची मजुरी बुडयल्या! आनी आमी ताका मारपाक आयल्यात?"

मी त्या भुयारात कित्येकदा गेलो होतो. हा प्रश्न मला पडला नव्हता. अनोळखी दोघांपैकी एकाने काय चाललंय असं विचारलं. मित्राने आपल्या कचेरी इंग्रजीत उत्तर टाइप केलं, की मजुरीचा हिशेब थकलेला आहे. त्या बिचाऱ्याला काय कळलं असेल देव जाणे. पण शेवटी आम्ही व्हॅनक्लीफला मारलं, कारण खेळ दुसरा पर्याय देत नाही. मेलेल्या व्हॅनक्लीफजवळ एक न पाठवलेलं पत्र सापडतं, शहराच्या स्थापत्यविशारदाला लिहिलेलं. बाकीचे तलवारी वाटून घेत होते. हा पत्र वाचत बसला.

या खेळांच्या बाजूने बोलताना सहसा 'एकाग्रता वाढते', 'इंग्रजी सुधारतं' असले फायदे सांगतात. मला ते लंगडे वाटतात. आणि धोका नाकारायचंही कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळावरचा ताबा सुटणं ही व्याधी म्हणून नोंदलेली आहे. खेळापायी झोप, नोकरी, नाती सोडलेली माणसं मीही पाहिली आहेत. अशा माणसाला मी बोट धरून भुयारात नेणार नाही. पण नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची गोष्टही याच खेळातली. ड्यूशेन या स्नायू झिजवणाऱ्या आजाराने खुर्चीला खिळलेला मुलगा, २०१४ साली पंचविसाव्या वर्षी गेला. आईवडील समजत होते की तो एकाकी जगला. वडिलांनी त्याच्या मृत्यूची बातमी दिली आणि देशोदेशींहून पत्रं येऊ लागली. त्या खेळात तो कुणाला धीर देत होता, कुणाचं घरातलं भांडण मिटवत होता. त्यांतले काही जण अंत्यसंस्काराला आले. २०२४ला त्याच्यावर माहितीपट निघाला. आपल्या शेजारच्या खोलीत दार लावून बसलेल्याचं आत काय चाललंय, ते दारावर टकटक केल्याशिवाय कळत नाही. जमलं तर त्याच्याबरोबर पहिल्या पातळीपासून खेळायला बसावं.

२०२०च्या टाळेबंदीत मित्र माझ्यापुढे निघून गेला. मी झोपलेलो असताना खेळायचा, अनोळखी लोक त्याला नावाने बोलवायला लागले. चांगला हीलर दुर्मीळ असतो. नोकरी पुन्हा मिळाली नाही, ती खेळाने मिळणारही नव्हती. पण फोनवरचं "बसलां" बंद झालं.

अलीकडे त्याने आपल्या जुन्या कचेरीतल्या एका माणसाला खेळात आणलंय. खनिजाचा ट्रक होता त्याचा, आता विकलाय. दोघे पहिल्या पातळीपासून चालताहेत, आणि या खेपेला मित्राने ढालकरी घेतलाय. येत्या रविवारी डेडमाइन्स. मला पाण्यासाठी जादूगार म्हणून बोलावलंय आणि जहाजाबद्दल त्याच्यापाशी चकार शब्द काढायचा नाही अशी तंबी दिलीय.