गप्पी ओढ्यात सोडू नका

छंद हा पैसेवाल्यांचा विषय, असा समज आमच्या वस्तीत पक्का रुजलेला आहे. गप्पी मासा हे त्या समजाला उत्तर आहे. आमचे वडील हमाली करतात. काचेची टाकी, हवेचा पंप, रंगीत दिवे यांतले काहीच आमच्या घरात आले नाही. दारामागे सिमेंटचे एक लहान टाके आहे, त्यात हे मासे मजेत राहतात. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग घालावे, आठवड्याने त्यातले थोडे बदलावे, आणि चिमटीभर खाणे द्यावे. जास्त मुळीच नको, कारण उरलेले कुजते. एवढे सांभाळले की झाले.

नावावरून पुष्कळांना हसू येते. पण त्याचा गप्पांशी काही संबंध नाही. त्रिनिदाद बेटावरच्या गप्पी आडनावाच्या गृहस्थांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि 1866 साली गुंथर या शास्त्रज्ञाने त्यांना गप्पींचे नाव दिले. नर बोटाच्या पेराएवढा, पण शेपटीत सगळे रंग. मादी त्याच्याहून मोठी आणि करडी. आमची आई पाहून म्हणाली, “मिरवायला बाप्ये, राबायला बाई!”

ती राबते हे खरेच आहे. गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिले देते, तीही साधारण दर महिन्याला. एकदा नराशी संबंध आला की त्याचे बीज ती कित्येक महिने पोटात राखते. नंतर नर वेगळा काढला तरी पिले होतच राहतात. पुष्कळ पिले आईच खाऊन टाकते. पाण्यात शेवाळ किंवा दाट वनस्पती असली तर बाकीची लपून वाचतात. सहा महिन्यांत टाके भरते आणि खरा प्रश्न तेव्हा उभा राहतो: जास्तीचे मासे न्यायचे कोठे?

याचे उत्तर आमच्याकडे सर्रास एकच: ओढ्यात सोडा. जीवदान घडते, शिवाय डास जातात! आरोग्य खातेही गप्पी वाटते, मग आपण सोडले तर बिघडले काय, असे आमच्या वर्गातले सुशिक्षित मित्रही विचारतात. मला हे मुळीच पटत नाही. बंद हौदात, बांधकामावरच्या साचलेल्या पाण्यात गप्पी सोडणे वेगळे. तेथे खायला डासांच्या अळ्या असतात आणि बाहेर जायला वाट नसते. ओढ्याला मात्र पुढे नदी आहे. स्वतःची पिले न सोडणारा मासा तेथे दुसऱ्यांची पिले सोडील, हे कशावरून?

आणि हा मासा नव्या जागी फार लवकर रुळतो. जॉन एंडलर यांचे त्रिनिदादमधील संशोधन 1980 साली प्रसिद्ध झाले. मोठे शिकारी मासे असलेल्या प्रवाहातील फिके नर त्यांनी माद्यांसह निर्धोक प्रवाहात नेऊन सोडले. दोन वर्षांच्या आत त्यांची प्रजा ठळक रंगांची झाली. दोन वर्षांत रंग पालटणाऱ्या प्राण्याला आपण ‘बिचारा’ म्हणून पाण्यात ओततो!

वास्तविक आपल्या ओढ्यांत, विहिरींत डासांच्या अळ्या खाणारे मासे पूर्वीपासून आहेत. डोक्यावर चकाकणारा ठिपका असलेला, पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरणारा लहानसा मासा कोकणातील मित्रांनी पाहिला असेल. त्याला कोणी वाटत नाही, म्हणून तो कोणाला माहीत नाही.

मग जास्तीच्या गप्पींचे करायचे काय? पिले महिन्याची होण्याआधीच नर-मादी वेगळे करावेत. नराचा पोटाखालचा पर काडीसारखा निमुळता होऊ लागतो, त्यावरून तो ओळखू येतो. आमच्याकडे माद्या टाक्यात आणि नर गोळ्यांच्या दोन मोठ्या बरण्यांत आहेत. सध्या तीसेक मासे देण्याजोगे आहेत. ज्यांच्या घरी हौद आहे त्यांनी झाकणाचा डबा घेऊन यावे, पैसे नकोत. फक्त ओढ्याकाठी राहणाऱ्यांना मी दोन प्रश्न जास्त विचारीन.