पोरखेळ नव्हे!

सुटीचे दिवस आले की घरोघरी एक दृश्य हटकून दिसते. नातवंडे एखाद्या नव्या कार्टूनपटाला नेण्याचा हट्ट धरतात, वडीलधारी मंडळी ‘त्यात आम्हाला काय कळणार?’ म्हणून अंग काढून घेतात आणि अखेर कोणी एक आजोबा वा काका नाइलाजाने तिकिटे काढून त्या काळोखात जाऊन बसतात. दोन तासांनी बाहेर पडताना मुले पुढच्या खाऊचा विचार करीत असतात आणि चष्मा पुसत असतात ते आजोबा! आम्ही चित्रपटांचे जाणकार नव्हे. अधूनमधून, तेही बहुधा मुलांच्या आग्रहाखातर, चित्रगृहाची पायरी चढणारे सामान्य प्रेक्षक आहोत. तथापि एवढ्या पाहण्यावरूनही आमचे एक मत पक्के झाले आहे. चित्रांना प्राण देणारा हा प्रकार पोरखेळ समजून आपण आजवर दुर्लक्षिला, ही मोठी चूक झाली.

उदाहरणादाखल 2009 साली आलेला ‘अप’ हा अमेरिकन चित्रपट घ्यावा. त्याचा नायक एक म्हातारा, फुगे विकून निवृत्त झालेला. बालपणापासून त्याने आणि त्याच्या पत्नीने दक्षिण अमेरिकेतील एका धबधब्यावर जाण्याचे स्वप्न पाहिलेले असते. संसाराच्या ओढाताणीत ते राहून जाते आणि पत्नी निघून जाते. हे अवघे वैवाहिक जीवन आरंभीच्या काही मिनिटांत, एकही शब्द न उच्चारता, पडद्यावर उलगडते. पुढे हा गृहस्थ हजारो फुगे बांधून आपले घरच आकाशात उडवतो. साहसकथेतील सारे काही मग यथास्थित घडते: वादळ, अरण्य, पाठलाग, खलनायक. परंतु चित्रपटाचा गाभा शेवटाकडे येतो. ‘माझी साहसे’ म्हणून पत्नीने राखलेल्या वहीची पुढची पाने कोरीच राहिली, अशी त्याची समजूत असते. ती पाने त्यांच्या साध्या संसाराच्या छायाचित्रांनी भरलेली निघतात. ते पाहिल्यावर घर पुन्हा उचलले जावे म्हणून हा म्हातारा जपून ठेवलेले सामान एकेक करून बाहेर टाकतो आणि संकटातील एका मुलाला सोडवण्यास निघतो. साठी उलटलेल्या माणसालाच ज्याचा पुरता अर्थ लागेल, अशा या चित्रपटाला केवळ मुलांचा कसा म्हणावा?

साहसपटाचे मर्मही यातच आहे. उड्या, स्फोट आणि पाठलाग म्हणजे साहस नव्हे. ज्याला गमावण्यासारखे काही आहे, त्याने ते पणाला लावणे म्हणजे साहस. ही कसोटी लावली की अनेक गाजलेले चित्रपट फिके पडतात. 1984 सालचा ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ हा त्यांपैकी एक. वेग, विनोद आणि तंत्र यांत त्याला नावे ठेवता येणार नाहीत. पण ज्या भारतात ही कथा घडते, तो भारत पाहून आपल्याकडील कोणीही थक्क व्हावे. राजवाड्याच्या मेजवानीत माकडाचा मेंदू वाढला जातो आणि कालीची उपासना म्हणजे जिवंत माणसाचे काळीज उपटण्याचा विधी ठरतो. भारत सरकारने पटकथेवर आक्षेप घेतल्यामुळे त्याचे चित्रण श्रीलंकेत करावे लागले, हे सर्वश्रुत आहे. आमचा आक्षेप मात्र केवळ दुखावलेल्या भावनेचा नाही. ज्या कथेत दुसऱ्याचा देश हा भीती दाखवण्याचा नुसता पडदा असतो आणि तेथली माणसे एक तर दीन किंवा राक्षस असतात, तेथे नायकाच्या शौर्याचीही किंमत उतरते. आपल्या लेखकांनी पूर्वी केलेले साहसकथांचे काम या दृष्टीने आठवावे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फास्टर फेणेसारखा पुण्याचा एक काटकुळा पोर उभा केला. तो पोर आपल्या शेजारचा वाटे, म्हणूनच तो संकटात सापडला की वाचणाऱ्याचा जीव खालीवर होत असे.

अॅनिमेशन ही परदेशातून आलेली चीज आहे, असा एक समज रूढ आहे. वस्तुस्थिती काय आहे? त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला तो 1913 साली. त्याआधीच त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा वेल रोज थोडाथोडा टिपून ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर दाखवली होती, आणि 1915 साली निर्जीव काड्यांना नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ आला तो त्यानंतर बावीस वर्षांनी. फार दूर कशाला, आपल्या शेजारी कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान् पिढ्या जतन केला आहे. रंगवलेली चित्रे एकामागून एक पुढे सरकवीत, गात आणि सांगत रामायण-महाभारत उभे करणे, किंवा दिव्याच्या उजेडात पडद्यावर सावल्या हलवून रावणाला गर्जायला लावणे, यात आणि आजच्या अॅनिमेशनमध्ये साधनांखेरीज अंतर ते किती? या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पण ती चित्रे पडद्यावर चालती-बोलती करावीत, असे किती जणांच्या मनात आले?

आपल्या घरची कथा दुसऱ्याने सांगावी आणि ती आपल्यालाच नीट पाहता येऊ नये, असाही योग आपल्या वाट्याला आला आहे. युगो साको या जपानी गृहस्थाने रामायणाच्या ओढीने भारतात पुनःपुन्हा येऊन, येथील राम मोहन यांच्या सहकार्याने 1992 साली ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ पूर्ण केला. शेकडो कलावंतांनी हाताने काढलेल्या चित्रांचा हा चित्रपट. त्यातील अयोध्या डोळे निववते, त्यातील कुंभकर्ण भय दाखवतो, आणि राम मात्र युद्धाच्या मध्यावरही हळवा राहतो. परक्या देशातील माणसाने एवढ्या आदराने आपल्या दैवताकडे पाहिले, याचे कौतुक वाटावे तेवढे थोडेच. तथापि त्या काळच्या तंग वातावरणात तो आपल्या चित्रगृहांत रीतसर पोहोचलाच नाही. एका पिढीने तो दूरचित्रवाणीवर पाहिला आणि जिवापाड जपला. चित्रगृहांत देशभर तो लागला 2025 च्या जानेवारीत, म्हणजे तब्बल तेहतीस वर्षांनी! त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या ‘महावतार नरसिंह’ने जो धंदा केला, तो पाहून ‘आपल्याकडे अॅनिमेशन चालत नाही’ म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. वेलिंगच्या लक्ष्मी-नृसिंहाला नमस्कार करणाऱ्या आमच्या वाचकांपैकी अनेकांनी सहकुटुंब तो पाहिला असेल. प्रल्हादाची निष्ठा त्यात मनाला भिडते. शेवटचे युद्ध मात्र आमच्या मते लांबते आणि कानठळ्या बसवते. दशावतारातील शंखासुरही रात्रभर धुमाकूळ घालतो, पण त्याच्यामध्ये हसू असते, विसावा असतो. परदेशी धूमधडाक्याशी स्पर्धा करण्याच्या नादात तो विसावा गमावू नये, एवढेच सांगणे.

या साऱ्यात आम्हाला खरी टोचणी आहे ती भाषेची. साकोंचा ‘रामायण’ पुन्हा आला तो हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी या भाषांत. त्यात मराठीचा समावेश नव्हता. याचा दोष निर्मात्यांना देऊन मोकळे होता येणार नाही. आपण मागणीच केली नाही तर पुरवठा कोण करील? आज आमची नातवंडे घरात आजीशी मराठीत किंवा कोकणीत बोलतात आणि पडद्यावरच्या हनुमंताशी हिंदीत. भीती, धाडस, दया, दैव हे शब्द ज्या भाषेत मूल प्रथम अनुभवते, तीच त्याच्या कल्पनेची भाषा होते. आपली भाषा तेवढी जेवणाखाणापुरती आणि अद्भुताची भाषा परकी, अशी वाटणी एकदा झाली की ती पुढे मोडता येत नाही. पाठ्यपुस्तकांनी आणि भाषा दिनाच्या भाषणांनी तर नाहीच नाही.

उपाय अवघड नाहीत. 2004 पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. त्यात मुलांना केवळ गर्दी भरण्यासाठी न आणता, निवडक अॅनिमेशनपट दाखवून ते कसे घडले हे समजावणारे वर्ग शाळांसाठी भरवता येतील. बालचित्र समिती ही 1955 साली स्थापन झालेली संस्था 2022 साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आता मुलांच्या चित्रपटांची जबाबदारी त्या महामंडळावर आहे आणि तिची आठवण त्याला करून देणे हे लोकप्रतिनिधींचे काम आहे. फार मोठ्या भांडवलावाचून काही होत नाही, ही सबबही आता उरलेली नाही. ‘फ्लो’ हा एका मांजराच्या जलप्रवासाचा चित्रपट लाटव्हियासारख्या चिमुकल्या देशातील तरुण दिग्दर्शकाने, कोणालाही फुकट मिळणाऱ्या संगणक-साधनावर घडवला, त्यात एक शब्दही संवाद ठेवला नाही, आणि 2025 साली ऑस्कर पटकावले. आमच्या कलाशाळांतील मुलांच्या हाती तेच साधन आहे, आणि कथांचे भांडार तर त्याहून कितीतरी मोठे आहे.

राहिली गोष्ट घराची. पुढच्या सुटीत नातवाने हट्ट धरला, तर आजोबांनी कपाळाला आठ्या न घालता खुशाल जावे. येताना वाटेत त्याला विचारावे, ‘तुला त्यातले काय आवडले?’ आणि मग पिंगुळीच्या बाहुल्यांची, शंखासुराची, फास्टर फेणेची गोष्ट आपल्या भाषेत सांगावी. उद्या पडद्यावर ती चितारणारा कदाचित तोच असेल.